अरुंद पाण्याची राखण

ठाण्याच्या ईशान्येस, जेथे कल्याणकडून आलेली उल्हास नदी खाडीचे रूप घेऊन घोडबंदर व वसईच्या दिशेने वळते, तेथे काठावर बाळकुम हे जुने गाव वसलेले आहे. समोरच्या तीरावर कशेळी, तिच्या मागे भिवंडीचा मुलूख, आणि त्याच मुलखात, या कथेत ज्याचे नाव वारंवार यावयाचे आहे ते अंजूर. भिवंडीकडे जाणारा रस्ता कशेळीच्या पुलावरून हे पाणी इतक्या सहजपणे ओलांडतो की, आपण एका बेटावरून उतरून मुख्य भूमीवर पाऊल ठेवले याची जाणीव वाहनात बसलेल्या शंभरांपैकी एकासही होत नसावी. साष्टी हे बेटच होते. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमचे पाणी व त्यापलीकडे मुंबईची लहान बेटे, आणि पश्चिमेस अमर्याद सिंधुसागर अशी त्याची चतुःसीमा असल्यामुळे, ज्याच्यापाशी आरमार त्याच्यापाशी साष्टी असा सिद्धांत कोणीही मांडावा. येथे नांदून गेलेल्या बहुतेक राजसत्तांनी तो मांडलाही. परंतु बेटाचे स्वामित्व जेव्हा जेव्हा खरोखर बदलले, तेव्हा त्याचा निर्णय पुष्कळदा खुल्या समुद्रावर न होता पूर्वेकडच्या या अरुंद, चिखलाच्या, ओहोटीस उघड्या पडणाऱ्या पाण्यावर झाला.

आरंभीची शतके मात्र समुद्राचीच आहेत. इसवी सन ६३६ च्या सुमारास बहरैन व ओमान येथील अरब सुभेदार उस्मान बिन अबी अल्-आस याने ठाण्यावर गलबते धाडली, असे अल्-बलाजुरी हा अरबी इतिहासकार लिहितो. खलिफा उमर यास समुद्रावरची ही जोखीम मुळीच रुचली नाही आणि त्याने सुभेदारास खरमरीत समज दिली. स्वारी लुटीपुरती राहिली. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांनी श्रीस्थानक, म्हणजे हेच ठाणे, आपली राजधानी केली. त्यांच्या वंशातील अखेरचा राजा सोमेश्वर याने देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्राचा आश्रय केला व तेथेच तो बुडाला, असे हेमाद्रीने आपल्या धन्याची स्तुती करताना नमूद केले आहे. बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ उभे आहेत त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या रांगा लावलेली गलबते एकमेकांवर चालून जाताना कोरलेली असून, हे चित्र सोमेश्वराच्याच युद्धाचे आहे असे काही अभ्यासक मानतात. इतरांना ते त्याहून जुने वाटते. वाद कसाही सुटो, भारतीय शिल्पात आरमारी लढाई विरळाच आढळते आणि ती येथे साष्टीच्या मातीत उभी आहे, एवढे तरी निर्विवाद. मात्र या युद्धाचा विजेता महादेव हा घाटावरचा राजा होता हे विसरता कामा नये.

१४३० च्या सुमारास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने माहीम व साष्टी घेतली तेव्हा गुजरातच्या सुलतानाने ठाण्यावर जमीन आणि पाणी अशा दोन्ही मार्गांनी फौज घालून ती परत मिळविली. पुढे एका शतकाने, २३ डिसेंबर १५३४ रोजी, सुलतान बहादूरशाह याने मोगलांच्या धास्तीने वसईचा तह करून वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगीजांच्या पदरात टाकली. हे हस्तांतर लेखणीने झाले. त्यानंतरची दोनशे वर्षे पोर्तुगीजांनी येथे जो अंमल गाजविला त्याची साक्ष वसईच्या अवाढव्य तटबंदीत मिळते. पण त्यांची सारी दृष्टी समुद्राकडे होती, आणि खाडीच्या बाजूस मूठभर शिपायांच्या लहान गढ्यांवर त्यांनी भिस्त ठेवली.

याच काळात पोर्तुगीजांनी सिंहलद्वीपाचा किनाराही बळकावला होता. तेथे कोलंबोचा कोट त्यांच्या हाती असला तरी डोंगरातील कँडीचे राज्य त्यांना कधीच जिंकता आले नाही, आणि १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतले ते त्याच कँडीच्या राजाच्या साहाय्याने. बेटाच्या बचावाची भाषा करणारे इंग्लंडच्या खाडीचे उदाहरण नेहमी पुढे करतात. मला मात्र साष्टीस सिंहलाचे उदाहरण अधिक लागू वाटते, कारण दोन्हीकडे परकी सत्तेचा ऱ्हास भूमीच्या वतनदारांनी तिच्याकडे पाठ फिरविली तेथून सुरू झाला.

खाडीच्या पलीकडे शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग तेथे जहाजे बांधावयास आरंभ केला. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस याच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या अधिकाऱ्यांनी १६५९ मध्ये त्यांस काम टाकून निघून येण्यास लावले. आपल्याच खाडीच्या वरच्या अंगास दुसऱ्याचे आरमार सिद्ध होत आहे, यातील धोका त्यांना उमगला होता, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु जहाजे अडविता आली तरी काठ अडविता येत नाही.

बाजीराव पेशव्यांच्या कारकीर्दीत हा काठ पेटला. धर्मांतराचा जाच, देवस्थानांचा विध्वंस आणि वतनांवर आलेले गंडांतर यांमुळे साष्टीतील पुष्कळ देशमुख, पाटील व प्रभू कुटुंबे मराठ्यांच्या मुलखात आश्रयास गेली होती. त्यांपैकी मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे व अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी पुण्याच्या दरबारात वर्षानुवर्षे खेपा घातल्या. फौजेचे मनसुबे पुण्यात रचले जात. पण खाडीस उतार कोठे आहे, भरती कोणत्या प्रहरी फिरते, कोणत्या चौकीवर रात्री किती माणूस जागे असते, हे ज्ञान पुण्यात नव्हते. ते अंजूरच्या नाईकांपाशी आणि काठच्या कोळी-आगऱ्यांपाशी होते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी साष्टी-वसईचा पुढचा विजय एकट्या पेशवे घराण्याच्या नावे लिहून ठेवला, आणि बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि साष्टीची बखर वाचणाऱ्यास नाईकांचा वाटा केवळ वाटाड्याचा होता असे म्हणवणार नाही.

पोर्तुगीजांनी १७३० नंतर उशिराने का होईना, ठाण्यास खाडीकाठी पक्का किल्ला बांधावयास काढला. काम रेंगाळले, आणि १७३७ मध्ये मराठे आले तेव्हा तट अपुरा होता. इंग्रजांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे तो मार्च महिन्याचा शेवट, पोर्तुगीजांच्या नव्याप्रमाणे एप्रिलचा आरंभ. त्यामुळे निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळ्या तारखा आढळल्या तर वाचकाने गोंधळून जाऊ नये. चिमाजी अप्पा कल्याणकडे उतरले, रात्रीच्या काळोखात एक तुकडी खाडी ओलांडून ठाण्यास भिडली, आणि उत्तर विभागाचा सेनापती लुईस बोतेल्यु हा किल्ल्याचा निकराने बचाव करण्याऐवजी जलमार्गाने निघून गेला. एवढ्या मोठ्या बेटाचे दार इतक्या अल्प रक्तपाताने उघडावे, याचे आश्चर्य त्या काळच्या मुंबईकर इंग्रजांसही वाटल्यावाचून राहिले नसेल. त्याच सुमारास शंकराजी केशव यांनी अर्नाळा घेतला आणि वसईस वेढा पडला.

वसईची कथा महाराष्ट्रास पाठ आहे, म्हणून तिच्यावर येथे रेंगाळत नाही. सुरुंग, खंदक आणि दोन वर्षांची चिवट झुंज यांनंतर मे १७३९ मध्ये ती शरण आली. तत्पूर्वी, १७३८ च्या अखेरीस, पोर्तुगीजांनी आरमारासह ठाणे परत घेण्याचा यत्न केला, पण तो फळास न जाता त्यात त्यांचा सेनानी पडला. जहाजांचे प्राबल्य असूनही खाडीत शिरलेल्या आरमारास दोन्ही काठ शत्रूचे असल्यावर काय भोगावे लागते, याचा हा वस्तुपाठ होता.

मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पुरा केला, शिबंदी ठेवली, आणि वसईस सरसुभा नेमून पस्तीस वर्षे बेटाचा कारभार चालविला. मग पेशवे नारायणरावांचा खून झाला, त्यांचे चुलते दादासाहेब यांनी गादीसाठी इंग्रजांचे दार ठोठावले, आणि मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी ओळखले की पुण्यात धनी कोण हेच ठरले नसता साष्टी घ्यावयाची ती हीच वेळ. निमित्त तयार होतेच: गोव्याकडून पोर्तुगीज आरमार आपले जुने ठाणे सोडवावयास येत आहे अशी वार्ता. डिसेंबर १७७४ मध्ये ब्रिगेडियर रॉबर्ट गॉर्डन सुमारे सहाशे वीस गोरे, हजार शिपाई आणि दोनशे खलाशी गोलंदाज घेऊन निघाला, व सोबत कमोडोर जॉन वॉटसन आरमार घेऊन खाडीत शिरला. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी तोफेचा गोळा वॉटसनजवळच्या वाळूत आदळला आणि उडालेल्या वाळूचे कण त्याच्या अंगात घुसून तो प्राणांतिक जखमी झाला. वाळूने मेलेला हा दर्यासारंग खरोखर विरळा. २७ तारखेस खंदक भरून काढण्याचा प्रयत्न शंभर गोऱ्यांच्या हानीनिशी फसला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मात्र हल्ला यशस्वी झाला, आणि किल्ल्यातील बहुतेक शिबंदीची कत्तल उडाली. १७३७ चा सौम्यपणा या खेपेस नव्हता. पुढे सुरतेच्या, पुरंदरच्या व १७ मे १७८२ च्या सालबाईच्या अशा तिन्ही तहांत साष्टी इंग्रजांकडेच राहिली; सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांस परत मिळाली, परंतु साष्टी मिळाली नाही. दरम्यान १७८० मध्ये इंग्रजांनी याच बेटाचा तळ करून खाडीपलीकडचे कल्याण घेतले होते.

ठाण्याचा किल्ला यानंतर तुरुंगाच्या कामी येऊ लागला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यास १८१५ मध्ये येथे ठेवले, आणि फितुरीस वाव राहू नये म्हणून पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई नेमले. त्यांस मराठी येत नव्हते. किल्ल्यातील एका अंमलदाराचा मोतद्दार घोडा खरारताना रोज खिडकीखाली गाणी म्हणे, आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत कैद्यास कळविला जात होता, असे बिशप हेबर यांनी लिहून ठेवले आहे. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीवरून उतरला, खाडी ओलांडली आणि डोंगरात नाहीसा झाला. दोन वर्षांनी तो नाशिककडे पकडला गेला व गंगाकाठच्या चुनार किल्ल्यात रवाना झाला. तोवर पेशवाई बुडाली होती आणि खाडीचे दोन्ही काठ एकाच सरकारचे झाले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, ती पुढल्याच वर्षी खाडीवरचा पूल ओलांडून कल्याणास गेली.