तयार रोबो की किट? एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

१९८२ साली अमेरिकेत एकच रोबो दोन किमतींना विकायला आला. नाव 'हीरो-१', कंपनी हीथकिट. जोडून तयार हवा असेल तर २५०० डॉलर, आणि सगळे सुटे भाग खोक्यात घालून हवे असतील तर १५०० डॉलर. मधले हजार डॉलर कशाचे? तर तुमच्या सोल्डरिंगचे! मेंदू म्हणाल तर मोटोरोलाचा ६८०८ प्रोसेसर आणि ४ केबी मेमरी. आज एखाद्या ईमेलखालची सहीसुद्धा याहून जड असते.

म्हणजे तयार रोबो घ्यावा की किट घेऊन त्यात बदल करावेत, हा प्रश्न काही आजचा नाही.

त्याच्याही आधी हा प्रश्नच नव्हता, कारण विकत मिळतच नव्हतं. १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं बनवली. प्रकाशाच्या दिशेने जाणारी, अडथळा आला की वळणारी. त्यांच्यातली काही दातेरी चाकं जुन्या घड्याळांतून आणि गॅस मीटरमधून काढलेली होती. शुद्ध जुगाड!

आता आपल्याकडे या. हीरो-१ आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, बडनेऱ्यात इंजिनिअरिंग कॉलेज निघालं (आजचं प्रा. राम मेघे इन्स्टिट्यूट) आणि त्याच वर्षी अमरावती विद्यापीठही सुरू झालं. पण १५०० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने चौदा-पंधरा हजार रुपये, वर आयातशुल्क आणि परवान्याची भानगड. वऱ्हाडातल्या पोरासाठी हीरो-१ फक्त मासिकातल्या फोटोत. असो.

खरी मजा सुरू झाली नव्वदच्या दशकाच्या शेवटी. १९९८ मध्ये लेगोने 'माइंडस्टॉर्म्स' काढलं. प्रोग्रॅम करता येणारी एक पिवळी वीट, मोटर, सेन्सर आणि ढीगभर ठोकळे. कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअर पोरांसाठी होतं, पण बाजारात येऊन काही आठवडे होतात न होतात तोच स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने, केकोआ प्राउडफूटने, ती वीट आतून कशी चालते ते शोधून जगजाहीर केलं. मग मार्कस नोगाने तिच्यासाठी 'लेगओएस' ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिमच लिहिली. लेगोकडे दोन रस्ते होते, वकील लावा किंवा गप्प बसा. त्यांनी तिसराच निवडला. लायसन्समध्येच लिहून टाकलं की खुशाल बदल करा!

१९९९ मध्ये सोनीचा 'आयबो' कुत्रा आला. पूर्ण तयार, देखणा, किंमत अडीच लाख येन. जपानमध्ये ३००० नग वीसेक मिनिटांत संपले. २००६ मध्ये सोनीने उत्पादन थांबवलं आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. पुढे जुन्या कर्मचाऱ्यांच्या एका कंपनीने दुरुस्ती हाती घेतली, पण नवे पार्ट येणार कुठून? मग बंद पडलेल्या आयबोंचे अवयव काढून दुसऱ्यांना बसवायला लागले. आणि काढण्याआधी इसुमी गावातल्या एका बौद्ध देवळात त्यांचे रीतसर अंत्यविधी! (सोनीने २०१८ मध्ये नवा आयबो आणला, पण जुन्यांना त्याचा काय उपयोग?)

माइंडस्टॉर्म्सही २०२२ च्या अखेरीस बंद झालं. फरक एवढाच की लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर त्या जुन्या विटा अजून चालतात.

महाराष्ट्रातल्या पोरांना हा प्रश्न खऱ्या अर्थाने भेटला तो स्पर्धांमधून. ३१ ऑगस्ट २००८ ला पुण्यात बालेवाडीला आशिया-पॅसिफिकची 'रोबोकॉन' झाली. विषय होता 'गोविंदा', म्हणजे रोबोंची दहीहंडी! जिंकलं चीनचं शिआन जिआओतोंग विद्यापीठ. तिथे दुकानातून आणलेला रोबो उभा करून भागत नाही, पोरांनी स्वतःच बनवावा लागतो.

आयआयटी मुंबईने मधला रस्ता काढला. नेक्स रोबोटिक्सबरोबर केलेला त्यांचा 'फायर बर्ड ५' हा रोबो जोडलेला मिळतो, पण वरचं कार्ड बदललं की तोच रोबो एटीमेगा२५६० वर, ८०५१ च्या घराण्यातल्या चिपवर किंवा एआरएम७ वर चालतो. ई-यंत्र प्रकल्पातून असे रोबो कॉलेजांपर्यंत पोचले. तयार, पण कुलूप न लावलेला.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. तयार की किट, हा प्रश्नच थोडा चुकलाय. खरा प्रश्न असा की उघडता येतं का?

बडनेऱ्याच्या पोराला हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पोरापेक्षा जास्त महाग पडतो. इथे पुण्यात मोटर ड्रायव्हर जळला तर पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत जाऊन तासाभरात नवा आणता येतो. तिकडे अमरावती दहा किलोमीटर, तिथे नाही मिळाला तर नागपूर, नाहीतर कुरिअरची वाट. स्पर्धा परवावर आलेली असताना बंद डब्यातला रोबो रुसला, की "भाऊ, आता काहून चालून नाही राहिला हा?" एवढंच हातात उरतं. आणि फायनल इयरला प्रोजेक्ट विकत घेणारे तर मोटर ड्रायव्हर कुठे असतो हेही न कळता डिग्री घेऊन बाहेर पडतात. नंतर इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न नेमका तोच येतो.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. तुम्हाला फक्त कोड लिहायचाय, मेझ सोडवायचाय, इमेज प्रोसेसिंग करायचंय? मग तयार रोबो घ्या, पण ज्याचं सर्किट आणि मॅन्युअल खुलं आहे असाच. यंत्र शिकायचंय? मग साधं लाइन फॉलोअरचं किट घ्या, एकदा जसंच्या तसं जोडा आणि मग त्यात एकेक बदल करा. आधी गिअर मोटर, मग सेन्सर, शेवटी कंट्रोलर. एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

हीथकिटने १९९२ मध्ये किट बनवणं थांबवलं. पण ज्यांनी ते हजार डॉलर वाचवून आपल्या हाताने हीरो-१ जोडला होता, त्यांना त्यातली एकेक वायर कुठून कुठे जाते ते ठाऊक होतं. कंपनी काय, आज आहे, उद्या नाही.