अंथरुणात छप्पर फिरतं तेव्हा: कानातला तोल

पहाटे कूस बदलली आणि छप्पर गरगरा फिरू लागलं, की माणूस आधी बीपी तपासतो, मग साखर. कुणी पित्ताची गोळी घेतो, कुणी मानेला पट्टा बांधून महिनाभर फिरतो. दोष बरेचदा कानात असतो.

आतल्या कानात, ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी मिळते, तशा त्या एकमेकींशी साधारण काटकोनात असतात. आत द्रव भरलेला. पाण्याची कळशी झटकन फिरवली तर कळशी फिरते, पाणी मात्र क्षणभर मागे राहतं. इथेही तसंच. डोकं वळलं की मागे राहिलेला द्रव नलिकेच्या फुगीर टोकातला जेलीसारखा पडदा वाकवतो, पडद्यात रुतलेले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. एका कानाकडचे संदेश वाढले की दुसरीकडचे घटतात, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो.

सरळ रेषेतली हालचाल, म्हणजे लिफ्ट किंवा एसटीचा ब्रेक, कळते ती शेजारच्या दोन पिशव्यांमुळे. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. खडू-शिंपल्यात असतं तेच द्रव्य.

मजकूर वाचताना मान डावी-उजवीकडे हलवून बघा, अक्षरं स्थिर दिसतात. आता मान स्थिर ठेवून मोबाइल तितक्याच जोरात हलवा, अक्षरं पुसट होतात. मान हलते तेव्हा कान डोळ्यांना उलट दिशेने फिरवतो, तेही सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात! चोर्ला घाटात मोबाइल बघणाऱ्याला गाडी लागते, कारण कान वळण सांगतो आणि डोळे स्थिर पडदा. ड्रायव्हरला पुढचं वळण आधीच दिसत असतं, म्हणून तो सहसा वाचतो.

या यंत्रणेच्या अभ्यासासाठी व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता त्या फिरणाऱ्या छपराकडे. पिशवीतले कण वयोमानाने किंवा डोक्याला मार लागून सुटतात आणि नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरतात. कूस बदलली, वर फळीकडे पाहिलं, की ते घरंगळतात आणि डोकं फिरल्याचा खोटा निरोप जातो. चक्कर सहसा मिनिटाच्या आत ओसरते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या चाचणीत डॉक्टर रुग्णाला डोकं वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची थरथर बघतात. त्यावरून कुठला कान ते कळतं. मग एपली यांच्या पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने वळवून कण पुन्हा पिशवीत आणतात. पुष्कळांना एक-दोन वेळातच आराम पडतो. चकरेच्या गोळीने मळमळ दबते, कण मात्र हलत नाहीत. व्हिडिओ बघून पहिल्यांदाच घरी करायला जाऊ नये, कान चुकला तर उपयोग नाही.

चकरेबरोबर बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसली, हात-पाय लुळा पडला, चालताच येईना किंवा डोकं प्रचंड दुखू लागलं, तर मात्र कानाचा विचार बाजूला ठेवून तडक मोठं रुग्णालय गाठावं. तो पक्षाघात असू शकतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तरी त्याच दिवशी दाखवावं.