'महरट्टा' हा शब्द आणि आपला चांदा

आपल्या समाजातील तरुण मंडळी इंग्रजी इतिहासग्रंथ उघडतात तेव्हा 'महरट्टा' हा शब्द त्यांना अडतो. इंग्रजांच्या जिभेचा दोष, असे समजून ती पुढे जातात. आम्हांस हे पूर्णपणे मान्य नाही. जुन्या मराठीत 'मऱ्हाटा', 'मऱ्हाटी' अशीच रूपे आढळतात. ज्ञानेश्वरीतही 'मऱ्हाटी' हाच शब्द आहे. इंग्रजी लेखनातील हकार त्या जुन्या उच्चाराच्या जवळचा आहे.

खरी अडचण उच्चाराची नसून अर्थाची आहे. मराठीत 'मराठा' म्हणजे एक जात, तसाच व्यापक अर्थाने मराठी मुलखातील मनुष्य. इंग्रजांच्या लेखी मात्र तो शब्द बहुधा राज्यसत्तेचा वाचक झाला. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा १७४२ साली कलकत्त्याभोवती खणलेल्या खंदकास 'महरट्टा डिच' हे नाव पडले. त्या फौजेचे सेनानी भास्करराम कोल्हटकर तर ब्राह्मण होते! ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासग्रंथाच्या नावातही हेच जुने रूप आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात 'मराठा' हे रूप वापरले.

आता आपल्या भागाकडे वळू. चांद्याचा परकोट गोंड राजांचा. १७५१ साली हे राज्य त्याच रघूजी भोसल्यांकडे गेले आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला हल्ला करून घेतला. म्हणून इंग्रज लेखक त्या मधल्या काळास 'महरट्टा' राजवट म्हणतात. परंतु त्या राजवटीत आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रानावनांत गोंड, माडिया, कुणबी, माळी, तेली असे नाना लोक नांदत होते. एका शब्दाच्या छायेत ते सारे झाकले गेले आणि ज्यांनी कोट बांधला त्या गोंडांचे नावही मागे पडले.

जनगणनेच्या तक्त्यांत मात्र 'मराठा' ही जात म्हणून आली. शब्द एक, अर्थ तीन. म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, जुन्या इंग्रजी कागदातील एवढ्या एका शब्दावरून कोणी आपले वा दुसऱ्याचे कूळ ठरवू नये. घरातील मोडी दस्त, वंशावळी आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उतरवून ठेवावीत. परक्याने दिलेले नाव जाणून घ्यावे. आपली ओळख मात्र आपल्याच कागदांतून शोधावी.