दिवसाला १,२२२ डॉलर: इराकमध्ये सैनिकापेक्षा खासगी रक्षकाला खरंच सहापट पैसे मिळत होते का?

२ ऑक्टोबर २००७. ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीचे संस्थापक एरिक प्रिन्स अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीसमोर हजर झाले. दोनच आठवड्यांपूर्वी बगदादच्या निसूर चौकात कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मारले गेले होते. पण त्या सुनावणीतला एक वेगळाच आकडा लोकांच्या लक्षात राहिला: १,२२२.

एका रक्षकामागे ब्लॅकवॉटर सरकारला दिवसाला इतक्या डॉलरचं बिल लावत होती. वर्षाचे झाले ४,४५,८९१ डॉलर. समितीने त्याची तुलना लष्करातल्या सार्जंटशी केली. पगार, घरभाडं आणि जेवणाचा भत्ता मिळून सार्जंटला वर्षाला ५१,१०० ते ६९,३५० डॉलर मिळत. सहापटीहून जास्त फरक! मग जीव धोक्यात घालणाऱ्या सैनिकावर हा अन्याय नाही का?

थोडं थांबून हिशेब पाहायला हवा.

१,२२२ डॉलर हा कंपनीचा दर होता, रक्षकाचा पगार नव्हे. त्यातच विमा, प्रवास, सामान आणि कंपनीचा नफा यायचा. रक्षकाच्या हाती साधारण ५०० ते ६०० डॉलर पडत, तेही इराकमध्ये असेल तेवढ्याच दिवसांचे. तो घरी परतला की कमाई बंद. सार्जंटचा पगार मात्र मायदेशीही चालू राहायचा. युद्धक्षेत्रात त्याला महिन्याला २२५ डॉलर धोका भत्ता, पगारावर आयकर माफ, कुटुंबाला वैद्यकीय सुविधा आणि २० वर्षं नोकरी केली तर पेन्शन.

सरकारचं काय? अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००८ मध्ये हा हिशेब मांडला. एक तुकडी इराकमध्ये ठेवायची तर तिच्या जागी पाठवण्यासाठी मायदेशी आणखी सैनिक तयार ठेवावे लागतात. तो खर्च धरला तर युद्धकाळात दोन्ही पर्याय जवळपास सारख्याच किमतीचे निघाले. फरक नंतर पडतो. युद्ध संपलं की कंत्राट संपतं, सैनिक मात्र सेवेत राहतात.

मृत्यू झाला तर?

सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारं तातडीचं अनुदान २००५ पर्यंत अवघं १२,४२० डॉलर होतं. युद्धात मृतांची संख्या वाढत गेली, टीका झाली, तेव्हा ते १ लाखावर नेलं. विम्याची कमाल रक्कमही ४ लाख झाली.

खासगी रक्षकासाठी १९४१ चा ‘डिफेन्स बेस अ‍ॅक्ट’ आहे. परदेशातल्या सरकारी कंत्राटावरच्या प्रत्येक कामगाराचा विमा कंपनीने उतरवायचा, असं तो सांगतो. पण २००९ मध्ये प्रोपब्लिका आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांच्या तपासातून दिसलं की गंभीर जखमा आणि मानसिक आजारांचे दावे विमा कंपन्या मोठ्या प्रमाणावर नाकारत होत्या. शिवाय पेंटॅगॉनच्या युद्धमृतांच्या यादीत हे रक्षक मोजलेच जात नाहीत.

मात्र ‘सैनिक विरुद्ध रक्षक’ या वादात सर्वांत खालची पायरी राहूनच जाते. दूतावास आणि तळांच्या फाटकांवर, टेहळणी मनोऱ्यांवर उभे असत ते बहुतेकदा पेरू, युगांडा, नेपाळमधून आणलेले रक्षक. त्यांचा पगार महिन्याला साधारण १,००० डॉलर, कित्येकदा त्याहून कमी. म्हणजे अमेरिकी रक्षकाची दोन दिवसांची कमाई. ही नोकरी मिळवण्यासाठी अनेकांनी एजंटला कर्ज काढून पैसे दिलेले असत. २० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या दूतावासाच्या रक्षकांना नेणाऱ्या मिनीबसवर आत्मघाती हल्ला झाला. डझनाहून अधिक रक्षक ठार झाले, बहुतेक नेपाळी. मृतांत दोन भारतीयही होते.

अमेरिकी कंत्राटावरचा रक्षक कुठल्याही देशाचा असो, १९४१ चा कायदा त्याला लागू होतो. अडचण अशी की भरपाई पगारावर ठरते: पत्नीला पतीच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम. एकाच स्फोटात दोघं गेले तरी युगांडातल्या विधवेला अमेरिकी विधवेच्या काही टक्केच मिळणार, आणि या कायद्याचा पत्ता अनेक कुटुंबांना नसतोच. त्यावर आणखी एक कलम आहे. वारस अमेरिकेबाहेर राहणारे परदेशी असतील, तर पुढची सगळी देणी एकरकमी मिटवता येतात. ती रक्कम हिशेबाने जितकी निघेल, त्याच्या निम्मी दिली की झालं.