भूमी-अभिलेखांची साठवण आणि रेड प्रणाली : राधानगरी तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुका राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावती नदीवर बांधावयास घेतलेल्या धरणामुळे सर्वत्र परिचित आहे. या तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाण्याच्या साठ्याइतकीच महत्त्वाची अशी आणखी एक साठवण आहे. ती म्हणजे त्याच्या जमिनीच्या नोंदींची. सातबारा उताऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही, वाटणी होत नाही, खरेदी-विक्री अडते आणि भूसंपादनाचा मोबदला भलत्याच्या हाती जातो. ही नोंद शतकभर कागदावर होती. आज ती संगणकाच्या डिस्कवर आहे आणि त्या डिस्का एकमेकींना आधार देतील अशा रीतीने रॅकमध्ये बसविलेल्या असतात. या रचनेस 'रेड' असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात या रचनेचा उगम, तिची मांडणी आणि तिच्या मर्यादा यांचा विचार भूमी-अभिलेखांच्या पूर्वेतिहासाच्या अनुषंगाने केला आहे.

कागदोपत्री साठवणुकीची जुनी पद्धत

एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवणे धोक्याचे असते, ही जाणीव महाराष्ट्रातील दप्तर-व्यवस्थेला नवी नव्हती. मराठेशाहीत गावाचा हिशेब कुलकर्णी लिहीत असे, परगण्याचे दप्तर देशपांड्याकडे असे आणि सरकारी हुजूर दप्तर त्याहून वेगळे असे. ही तीन दप्तरे परस्परांच्या नकला नव्हत्या. प्रत्येकाचा लेखक वेगळा, हितसंबंध वेगळा आणि ठिकाणही वेगळे होते. त्यामुळे कुलकर्ण्याने क्षेत्र कमी दाखविले तर देशपांड्याच्या कागदांवरून ते उघड होण्याची शक्यता राहत असे. अर्थात दोघांनी संगनमत केल्यास उपाय नव्हता, आणि तसे घडतही असे.

दप्तराच्या या सामर्थ्याचा कटू अनुभव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश मुलखातील इनामदारांना आला. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांचे दावे जुन्या दप्तरांशी ताडून पाहिले. ज्यांच्याजवळील सनदेला दप्तरात आधार सापडला नाही, अशा अनेकांची इनामे खालसा झाली. घरातील सनद वाळवीने खाल्ली असो वा मुळात खोटी असो, परिणाम एकच होता. कोल्हापूर संस्थान त्या मुलखाबाहेर होते, तथापि नोंदीच्या अभावी हक्क कसा नाहीसा होतो हे शेजारच्या दक्षिण महाराष्ट्रात सर्वांनी पाहिले होते.

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचे धोरण स्वीकारले. या निर्णयाची चर्चा बहुधा सामाजिक सुधारणेच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. परंतु अभिलेखांच्या इतिहासातही त्याला स्थान द्यावयास हवे. गावचे दप्तर एका घराण्याच्या माजघरातून निघून सार्वजनिक सेवकाच्या हाती आले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये व हक्कनोंदीचे नियम १९७१ मध्ये आले. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, या दोहोंचा एकत्रित उतारा तो सातबारा. हक्कातील प्रत्येक बदल प्रथम गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत येतो आणि प्रमाणित झाल्यावर सातबारावर चढतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन टप्प्यांत लिहिली जाते हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रेड प्रणालीचा उगम

संगणकातील साठवणुकीचा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. पुढील तीस वर्षे मोठ्या संस्था अशाच अवजड व महागड्या डिस्का वापरीत राहिल्या. दरम्यान व्यक्तिगत संगणकांसाठी लहान व स्वस्त डिस्का तयार होऊ लागल्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका शोधनिबंधात असा विचार मांडला की, एका मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्यात. त्यांनी या रचनेच्या पाच पातळ्या वर्णिल्या आणि तिला 'रेड' हे नाव दिले. त्या नावातील 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाच्या जागी पुढे 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द रूढ झाला. डिस्का विकणाऱ्या कंपन्यांना 'स्वस्त' हे विशेषण फारसे मानवले नसावे.

या निबंधातील एक हिशेब विशेष उद्बोधक आहे. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर अशा शंभर डिस्कांच्या समूहात सरासरी दर ३०० तासांनी एक डिस्क निकामी होणार. म्हणजे दोन आठवडेही निर्धास्तपणे जाणार नाहीत. संख्या वाढविल्याने वेग वाढतो, पण धोकाही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून समूहात काही अतिरिक्त माहिती साठविणे अपरिहार्य ठरते.

ही अतिरिक्त माहिती दोन प्रकारे ठेवता येते. पहिल्या पातळीत प्रत्येक डिस्कची हुबेहूब जोडडिस्क असते. यात निम्मी जागा खर्ची पडते. पाचव्या पातळीत मात्र नक्कल नसते, तर एक प्रकारची बेरीज असते आणि ती गावच्या ताळेबंदाशी परिचित असलेल्यास चटकन समजते. समजा, चार खातेदारांचा सारा अनुक्रमे १२, ७, ९ आणि १५ रुपये असून एकूण बेरीज ४३ लिहिलेली आहे. तिसरा आकडा पुसला गेला तरी उरलेल्या तिघांची ३४ ही बेरीज ४३ मधून वजा केली की ९ हा आकडा परत मिळतो. डिस्कवर एक आणि शून्य हेच दोन अंक असल्याने बेरजेऐवजी सम-विषमतेचा हिशेब ठेवतात. त्याला पॅरिटी म्हणतात. मात्र दोन आकडे एकाच वेळी पुसले गेले तर एका बेरजेवरून ते काढता येत नाहीत. त्यासाठी दुसरा, वेगळ्या सूत्राने केलेला हिशेब लागतो. तो ठेवणाऱ्या रचनेस सहावी पातळी म्हणतात. ती मूळ निबंधात नव्हती, नंतर आली. शून्यावी पातळी ही नावापुरतीच रेड होय. तीत माहिती केवळ विभागून लिहिली जाते, अतिरिक्तता काहीच नसते आणि एक डिस्क गेली की सर्व जाते.

रॅकमधील मांडणी

सर्व्हर बसविण्याच्या रॅकची १९ इंच ही रुंदी संगणकाहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेलिफोन यंत्रणेतील रिले बसविण्यासाठी ती प्रमाणित झाली. उंचीचे एकक, ज्याला 'यू' म्हणतात, १.७५ इंचांचे असते. बारा डिस्कांची पेटी बहुधा दोन यू उंचीची असते. पेटी रुळांवर सरकवून बसवितात आणि ती जड असल्याने रॅकच्या तळाशी ठेवतात. वर ठेवल्यास पेटी पुढे ओढताच रॅक कलंडण्याचा संभव असतो. पेटी उचलण्यापूर्वी डिस्का काढून ठेवणे श्रेयस्कर. त्या परत बसविताना प्रत्येक खणावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून चिकटविण्याचे साधे काम अनेक ठिकाणी राहून जाते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. पाचव्या पातळीच्या समूहात एक डिस्क बिघडली असता चुकून शेजारची चांगली डिस्क ओढली गेली, तर दोन डिस्का गेल्यासारखे होऊन संपूर्ण समूह बंद पडतो.

वीजपुरवठ्याची दोन स्वतंत्र एकके असली तरी दोन्हींच्या वायर एकाच यूपीएसला जोडलेल्या असतील तर त्यांचा उपयोग अर्धाच होतो. राधानगरीसारख्या घाटमाथ्याजवळील अतिपावसाच्या तालुक्यात वीज जाणे-येणे, दमट हवा आणि विजांचा कडकडाट हे पावसाळ्यातील नित्याचे प्रकार होत. माहिती लिहून झाली पण तिची पॅरिटी लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर दोहोंचा ताळ जुळत नाही आणि ही विसंगती डिस्क बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. यासाठी कंट्रोलरच्या स्मृतीला बॅटरीचा आधार देतात आणि ठरावीक काळाने सर्व डिस्का वाचून पॅरिटी पडताळतात. एक डिस्क राखीव ठेवली असल्यास बिघाड होताच पुनर्बांधणी आपोआप सुरू होते.

पुनर्बांधणीचा काळ हा सर्वांत नाजूक. त्या वेळी उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. सर्वसाधारण डिस्कांसाठी उत्पादक जी मर्यादा देतात तीनुसार सुमारे १२.५ टेराबाइट वाचनामागे एक वाचता न येणारी जागा निघू शकते. प्रत्यक्ष अनुभव याहून बरा असतो. तरीही मोठ्या डिस्कांच्या समूहासाठी पाचव्या पातळीऐवजी सहावी पातळी किंवा जोडडिस्कांची रचना पसंत केली जाते ती यामुळेच. दोन टेराबाइटच्या चार डिस्कांपासून पाचव्या पातळीत सहा टेराबाइट जागा मिळते, सहाव्या पातळीत चारच. आर्थिक मंजुरी देणाऱ्यास हा फरक उधळपट्टी वाटतो.

एका भिंतीतील सात दरवाजे

रेडच्या मर्यादा समजण्यास राधानगरी धरणाचे उदाहरण उपयोगी पडते. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी वाढली की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. एखादा दरवाजा अडकला तरी उरलेले सहा काम करतात. एकच प्रचंड दरवाजा असता तर ही सोय नसती. परंतु सातही दरवाजे एकाच भिंतीत आहेत. भिंतीवरील संकट दरवाज्यांच्या संख्येने टळत नाही.

एका पेटीतील बारा डिस्कांचे तसेच आहे. आग, पूर, चोरी किंवा एकाच उत्पादन-गटातील समान दोष यांपुढे अतिरिक्ततेचा हिशेब लागू पडत नाही, कारण तो हिशेब बिघाड परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूर परिसरात कोठवर पोहोचले हे जिल्ह्याने पाहिले आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले व त्यांतील कागदी संचिका भस्मसात झाल्या. रेड आणि बॅकअप या भिन्न गोष्टी आहेत, असे तंत्रज्ञ पुनःपुन्हा बजावतात ते याच कारणाने. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली आणि परत उतरवून पाहिलेली प्रत हीच खऱ्या अर्थाने दुसरी प्रत होय.

चुकीच्या नोंदीचे जतन

याहूनही मूलभूत असा एक धोका आहे आणि सातबाराच्या संगणकीकरणात तो ठळकपणे पुढे आला. भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर तालुक्या-तालुक्यांत हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरविण्यात आले. त्यानंतर ई-फेरफार प्रकल्प आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा मिळू लागले.

दरम्यानच्या काळात असे आढळले की हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत जागोजागी तफावत आहे. कोठे क्षेत्राचा दशांश सरकला होता, कोठे सहहिस्सेदाराचे नाव गळले होते, कोठे इतर हक्कांतील बोजा उतरलाच नव्हता. गळालेले नाव बहुधा बहिणीचे वा विधवेचे असेल तर तिला ते कित्येक वर्षे कळणारही नाही. अशा नोंदीचे रेडने किती निष्ठेने रक्षण केले असेल याची कल्पना करावी! डिस्क बिघडली, नवी बसविली, पॅरिटीवरून सर्व पूर्ववत झाले. आणि चूकही अक्षरशः पूर्ववत झाली. पॅरिटी ही लिहिलेल्याशी प्रामाणिक असते. जमिनीवर काय आहे ते तिला ठाऊक नसते. जुन्या व्यवस्थेत देशपांड्याचे दप्तर कुलकर्ण्याच्या दप्तराची नक्कल नव्हते, तर स्वतंत्र साक्ष होते, या गोष्टीचे महत्त्व येथे प्रत्ययास येते.

म्हणूनच २०१७ मध्ये राज्यात राबविण्यात आलेली चावडी वाचनाची मोहीम तांत्रिक दृष्ट्याही विचारात घेण्यासारखी आहे. संगणकावरील सातबाराच्या छापील प्रती गावोगावी वाचून दाखविण्यात आल्या, खातेदारांचे आक्षेप घेण्यात आले आणि नोंदी मूळ हस्तलिखिताशी पुन्हा ताडण्यात आल्या. यंत्रातील प्रतीची पडताळणी यंत्राबाहेरील दोन साधनांशी झाली : अभिलेखकक्षातील जुने कागद आणि बांधावर राबणाऱ्या माणसाची स्मृती. वाचनास जो हजर राहिला नाही, कामासाठी मुंबईस किंवा इचलकरंजीस होता, त्याची चूक मात्र तशीच राहण्याची शक्यता उरली. पुढे लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ नुसार तहसीलदारांच्या आदेशाने करता येते. परंतु त्यासाठी चूक आधी कोणाच्या तरी नजरेस यावी लागते.

या दुरुस्तीची रीतही पाहण्यासारखी आहे. डिस्कवर नवी माहिती जुन्याच जागी लिहिली की जुनी पुसली जाते, आणि रेड त्या पुसण्याचीही इमानाने नोंद घेते. पूर्वीची अवस्था हवी असेल तर ती आधीच वेगळी राखून ठेवावी लागते. सातबारावर तसे होत नाही. तेथे जुने नाव कमी केल्याचे दाखविले जाते, नवे नाव लिहिले जाते आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून नोंद केव्हा, कोणत्या आधारे व कोणाच्या आदेशाने बदलली हे फेरफार नोंदवहीत पाहता येते.