दहापैकी सहा

मंडळी, आज एक जुनी चूक कबूल करायची आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जो तो '६.४ रिश्टर स्केल' म्हणत होता. एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे दहापैकी सहा का?" मी म्हणालो, "हो, तसेच समज."

ते साफ चूक होते. निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा कळले.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियात ही पद्धत मांडली. अनेकांना वाटते तसे 'रिश्टर स्केल' हे यंत्र नव्हे, ते एक गणित आहे. भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या ठराविक भूकंपमापकाने कागदावर १ मिलिमीटर उंचीची रेघ काढली, तर तो भूकंप ३ चा. १० मिलिमीटरची काढली तर ४ चा. म्हणजे एक अंक वाढला की रेघ दहापट होते आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट! दहाला पैकीच्या पैकी असेही काही नाही.

फार मोठ्या भूकंपांना मात्र ही पट्टी अपुरी पडे. म्हणून हँक्स आणि कानामोरी यांनी १९७९ साली नवे माप दिले. त्यात खडकाची किती मोठी भेग सरकली, किती सरकली आणि खडक किती कणखर, याचा हिशेब असतो. त्या मापाने किल्लारीचा भूकंप ६.२ चा, तर १९६० चा चिलीचा ९.५ चा. आज शास्त्रज्ञ हेच माप वापरतात, आपण मात्र अजून 'रिश्टर'च म्हणतो.

पण त्याआधी, १९०२ मध्ये, इटलीतले धर्मगुरू मर्काली यांनी वेगळाच प्रश्न विचारला होता: इथे, या गावात काय झाले? भिंतींना तडे गेले की घरेच पडली? ती तीव्रता. भूकंपाचा आकडा एकच, तीव्रता मात्र गावागणिक निराळी.

कोयनेचा १९६७ चा भूकंप किल्लारीपेक्षा लहान नव्हता. तिथे सुमारे दोनशे माणसे गेली, किल्लारीच्या परिसरात हजारो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचे जड धाबे झोपलेल्यांवर कोसळले.

आज तो मुलगा भेटला तर सांगेन, "बाळा, तो आकडा जमिनीचा होता. घरांचे गुण आपण तपासलेच नव्हते."

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.