सूत्री विभाजन

सूत्री विभाजन ही दृश्यकेंद्रकी पेशीतील केंद्रकाच्या विभाजनाची प्रक्रिया होय. हीत एका मातृपेशीपासून तिच्याइतकीच गुणसूत्रे असलेल्या दोन कन्यापेशी निर्माण होतात. बालकाची वाढ, जखम भरून येणे, त्वचेचा झिजलेला थर पुन्हा तयार होणे, कांद्याला मुळे फुटणे ही सर्व या प्रक्रियेची फळे आहेत.

नावाचा उगम

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्यांतील पेशी रंगद्रव्यांनी रंगवून विभाजनाचे टप्पे पाहिले व १८८२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. केंद्रकात दिसणाऱ्या धाग्यांवरून त्यांनी ‘धागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ‘मायटॉसिस’ हे नाव दिले. मराठीतील ‘सूत्री’ याच अर्थाचे आहे. ‘क्रोमोसोम’ या १८८८ मधील शब्दाचा अर्थ मात्र केवळ ‘रंगीत देह’ असा आहे. मराठी ‘गुणसूत्र’ हा शब्द त्याहून अधिक सांगून जातो.

प्रक्रिया

विभाजनापूर्वीच, आंतरावस्थेत, प्रत्येक डीएनए रेणूची प्रत तयार होते. ही प्रत पूर्वावस्थेत तयार होते असे उत्तर विद्यार्थी पुष्कळदा लिहितात. ते बरोबर नाही. मूळ व प्रत या दोन अर्धगुणसूत्रांना कोहेसिन नावाच्या प्रथिनांची वलये एकत्र बांधून ठेवतात.

मानवी पेशीतील ४६ गुणसूत्रांचा डीएनए सलग उलगडला तर सुमारे २ मीटर भरेल, आणि तो सामावणाऱ्या केंद्रकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. इतका लांब धागा गुंता न होता वाटायचा तर तो आधी गुंडाळावा लागतो. पूर्वावस्थेत हेच घडते. गुणसूत्रे आखूड व जाड होतात, पुढे केंद्रकपटल विरते आणि सूक्ष्मनलिकांचा तर्कू उभा राहतो. मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता अशा आकारामुळे त्याला हे नाव मिळाले. प्राणिपेशीत तर्कूच्या टोकांशी ताराकेंद्रे असतात. उच्च वनस्पतींत ती नसतानाही तर्कू तयार होतो.

मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यप्रतलावर येतात. प्रत्येक जोडीतील एक अर्धगुणसूत्र एका ध्रुवाकडील तंतूंना व दुसरे विरुद्ध ध्रुवाकडील तंतूंना जोडले जाणे आवश्यक असते. न जोडले गेलेले गुणसूत्र ‘थांबा’ असा रासायनिक संदेश देत राहते, आणि असे एकच गुणसूत्र उरले असले तरी पेशी पुढील पाऊल टाकत नाही. शेवटचे गुणसूत्र जोडले गेले की संदेश बंद पडतो, सेपरेज हे विकर मुक्त होते व कोहेसिनची वलये तोडते. पश्चावस्थेत अर्धगुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जातात. या क्षणी मानवी पेशीत ९२ गुणसूत्रे मोजता येतात. अंत्यावस्थेत दोन नवी केंद्रके आकार घेतात. त्यानंतर प्राणिपेशी मध्यभागी खाच पडून, तर वनस्पतिपेशी आत नवे पटल तयार होऊन दुभंगते.

बिघाड व औषधे

वाटणी चुकली तर एका कन्यापेशीत एखादे गुणसूत्र अधिक व दुसरीत उणे होते. अशा बहुतेक पेशी दुर्बल ठरतात वा मरतात, परंतु कर्करोगाच्या अनेक गाठींतील पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते.

सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही औषधे सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाला चिकटतात. तर्कू नीट उभा राहत नाही, ‘थांबा’ हा संदेश बंद होत नाही आणि अडकून पडलेली पेशी बहुधा मरते. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टीनचा मोठा वाटा आहे. चेतापेशी विभाजित होत नाहीत, तरीही त्यांच्या लांब तंतूंतील वाहतूक सूक्ष्मनलिकांवरूनच चालते. म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येतात वा बधिरता येते. अंगणातील सदाफुलीची पाने चघळून कर्करोग बरा होतो, हा समज निराधार आहे. पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात, शिवाय वनस्पती विषारी आहे.

महाराष्ट्रात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतील कोल्चिसीन हे विषही सूक्ष्मनलिका बनू देत नाही. त्याने पेशी मध्यावस्थेत थांबतात व गुणसूत्रे स्पष्ट मोजता येतात. या द्रव्याच्या साहाय्याने जो हिन त्जिओ व आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये मानवी गुणसूत्रे ४६ असल्याचे दाखवले. तोपर्यंत तीसहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता.

शालेय प्रयोग

शाळा-महाविद्यालयांत हे विभाजन कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पाहतात. कांद्याची गुणसूत्रे १६ व आकाराने मोठी असतात. अग्रापासूनचे एकदोन मिलिमीटरच कापून घ्यावे, कारण त्यामागील पेशी लांबतात, विभाजित होत नाहीत. काचपट्टीवरील बहुसंख्य पेशी आंतरावस्थेतच दिसतात. पश्चावस्था अल्पकाळ टिकत असल्याने ती सापडण्यास बराच वेळ शोधावे लागते.